वाघ दिसला का?

जंगलातून परतलेल्या माणसाला आपल्या नागपुरात एकच प्रश्न विचारतात, 'वाघ दिसला का?' नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा असा होतो, जणू आपण लग्नाला जाऊन न जेवता आलो.

हा प्रश्न घरोघरी पोचवला तो 'जय'नं. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेलं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य तेव्हा अगदी नवं होतं. २०१३ साली नागझिऱ्यातून एक तरुण नर निघाला आणि शेतं, गावं, महामार्ग, वैनगंगा असं सगळं ओलांडून, शंभराहून अधिक किलोमीटर चालून इथं स्थिरावला. 'शोले'वरून त्याचं नाव जय, भाऊ वीरू.

त्याला कुणी पिंजऱ्यात घालून आणलं नव्हतं, ही मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात १९२० च्या दशकात लांडगे मारून संपवले होते. १९९५ साली ते कॅनडातून पकडून आणावे लागले. आज तिथं भर थंडीत, पहाटे, लोक दुर्बिणी रोखून उभे असतात. लांडग्यापासून शंभर यार्ड दूर राहायचं असा नियम आहे. दूरवर एक ठिपका हलला तरी माणसं खूश होतात. आपल्याकडे दुर्बीण काढायची गरजच पडत नाही, कारण जिप्सी थेट वाघाच्या पुढ्यात!

जयमुळे गर्दी वाढली, जिप्सी वाढल्या, आसपासच्या गावांतल्या पोरांना गाईडचं काम मिळालं. हे चांगलंच झालं. पण एप्रिल २०१६ मध्ये त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरचा संदेश थांबला. पुष्कळ शोधलं, जय सापडला नाही. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, त्याचा बछडा 'श्रीनिवास' नागभीडजवळ शेताच्या कुंपणातल्या विजेच्या तारेला चिकटून मेला. रानडुकरं एका रात्रीत उभं पीक लोळवतात, म्हणून शेतकरी तार लावतो. तार चोरून लावलेली, आणि चुकीचीच; पण त्याचं नुकसानही खोटं नसतं. वाघ आपल्या पायांनी येतो, तर त्याला येण्याजाण्याची वाट या शेतांमधूनच आहे.

बाहेर तार, आणि आत काय? ३१ डिसेंबर २०२४ ला याच अभयारण्यात, गोठणगाव भागात, एफ-२ ही वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर आली, आणि दोन्ही बाजूंनी जिप्सींनी तिची वाट अडवली. चित्रफीत सगळीकडे फिरली. चालक-गाईडवर कारवाई झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली.

मला विचाराल तर सगळा दोष चालकाच्या माथी मारणं सोपं आहे. वाघ दाखवला तर खुशीनं बक्षीस देणारे आणि नाही दाखवला तर फाटकापर्यंत कुरकुरणारे मागच्या सीटवर बसलेले असतात. 'थोडं पुढं घे ना भाऊ' हे वाक्य मी कितीतरी सफरींत ऐकलंय. बछडे असलेली वाघीण रस्ता ओलांडताना आधी स्वतः पुढं होते, अंदाज घेते, मग पिल्लं येतात. मधे गाडी घुसली की तीन इकडे, दोन तिकडे. मग शिकार राहते बाजूला, आणि ती पिल्लं गोळा करत बसते.

मागे एका फेरीत आम्हाला वाघ दिसला नाही. पाणवठ्याशी गाईडनं गाडी बंद करायला लावली. चितळाचा कॉल आला, मग वानराचा, मग दुसऱ्या बाजूनं पुन्हा चितळाचा. 'आता नाल्यातून चालली ती,' गाईड हळूच म्हणाला. 'आता वर चढली.' वीस मिनिटं आम्ही कानांनी वाघीण पाहत होतो. सोबतचे एक गृहस्थ घड्याळ बघत होते.

फाटकावर पुढच्या गाडीतल्या बाईंनी विचारलंच, 'दिसला का हो?' गाईडनं आमच्याकडे पाहिलं, आणि त्या गृहस्थांच्या आधी मीच उत्तर दिलं, 'नाही, पण होती.'