मादीफूल दिसले की कव्हर काढा



कापूस-ज्वारीवाल्यांपुढे खरबुजाचे काय बोलता, असे कुणी विचारील. पण विहिरीला पाणी टिकले तर कापूस उपटून त्याच रानात उन्हाळी कलिंगड-खरबूज लावणारे आपल्यातच आहेत. हल्ली रोपांच्या ओळीवर तारेच्या कमानी आणि वर पांढरे क्रॉप कव्हर येते. पांढरी माशी, नागअळी बाहेर राहते, पांढऱ्या माशीबरोबर येणारा व्हायरसही टळतो. इथवर खर्च वसूल.

घोटाळा पुढे आहे. पांढरी माशी अडते तशी मधमाशीही अडते. वेल फुलावर आला तरी ‘अजून आठ दिवस राहू दे’ म्हटले, तर फळ धरणार कसे? कलिंगडात नरफूल वेगळे, मादीफूल वेगळे. खरबुजाच्या बहुतेक वाणांत फळ धरणाऱ्या फुलात नर-मादी एकत्र असतात, तरी पराग चिकट आणि जड. वाऱ्याने उडत नाही. फूल सकाळी उमलते, दुपारपर्यंत खेळ खलास. तेवढ्या वेळात एकेका फुलावर मधमाशी आठ-दहा वेळा तरी बसावी लागते. फळात शेकडो बिया, आणि प्रत्येक बीला परागाचा एक कण! कण कमी पडले की फळ वाकडे, एका अंगाने बसके. व्यापारी ते बाजूला काढतो, आपण बियाण्याला शिव्या देतो.

म्हणून मादीफुले दिसू लागली की कव्हर काढाच. पेटी आणायची तर तीही फुले आल्यावर; आधी आणली तर माश्या दुसऱ्याच फुलोऱ्याची वाट धरतात. फवारणी टळत नसेल तर संध्याकाळी, फुले मिटल्यावर. इमिडाक्लोप्रिडसारखे औषध फुलोऱ्यात नकोच. ते झाडाच्या रसात मुरते आणि परागात उतरते.

ज्यांच्याकडे खरबूज नाही, त्यांचाही यात हात आहे. ज्वारी फुलली की सकाळी कणसांवर माश्यांची गर्दी होते. कापसाच्या फुलातून, पानामागच्या ग्रंथीतूनही त्या रस घेतात. आग्या, फुलोरी, सातेरी याच रानांवर आणि बांधावरच्या झाडांवर जगतात. त्यांना सातबारा ठाऊक नाही. पावसाळ्यात कापसावर भर सकाळी पंप चालवला, तर उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या खरबुजावर यायला माशी उरते कुठून?

उत्पादनखर्चात आम्ही कव्हर, तार, मजुरी सारे मांडतो. माशीची मजुरी मांडत नाही, कारण ती फुकट मिळत आली. पेटीचे भाडे मोजावे लागले की तो खर्चच झाला. ज्यांनी ते मोजले, त्यांनी पावती आणि मालाची पट्टी दोन्ही घेऊन पुढच्या बैठकीला यावे.