बक्षीस जाहीर झालं, पुढे काय?

जानेवारी २०२५ मध्ये भारतानं खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. त्या संघात माळशिरस तालुक्यातला, वेळापूरचा रामजी कश्यप होता. राज्यातल्या विजेत्यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि शासकीय नोकरी, असं सरकारनं जाहीर केलं.

अशी रक्कम कुणाला मिळालीच नाही तर? कोर्टात दाद मागता येते, पण नुसत्या भाषणाच्या कात्रणावर भिस्त ठेवू नका. दिल्लीत मुख्यमंत्र्यांनी गरीब भाडेकरूंना दिलेला शब्द पाळावा लागेल, असं २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं म्हटलं. दोनच महिन्यांत खंडपीठानं त्याला स्थगिती दिली.

खरं बळ शासन निर्णयात, म्हणजे जीआरमध्ये असतं. सरकारच्या शब्दावर विसंबून तुम्ही काही केलं असेल, तर ते आणखी वाढतं. मोतीलाल पदमपत शुगर मिल्स या कंपनीला उत्तर प्रदेश सरकारनं नव्या वनस्पती तुपाच्या कारखान्यासाठी विक्रीकर माफीचं आश्वासन दिलं आणि नंतर हात वर केले. आश्वासनावर विसंबून कंपनीनं कारखाना उभारला होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९७८ मध्ये सरकारला बांधील धरलं.

खेळाडूची अडचण इथेच आहे. पदक आधी, घोषणा नंतर. मग विसंबून काय केलं, हे दाखवणं कठीण. स्पर्धेआधीच बक्षिसाची योजना जाहीर असेल, तर बाजू कितीतरी भक्कम होते. म्हणून जीआरची प्रत आणि अर्जाची पोच जपून ठेवा. दाद लागली नाही, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. घाम गाळून जिंकलेल्या पोरांना तिथवर जावं लागू नये, ही जबाबदारी सरकारचीच आहे.