टिकणारे रंग, उडणारे रंग

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सात मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय माझा छंद. झाडं, पानं, पाखरं काढायची आणि तीही माती-फुलांच्या रंगांनी, असा तो छंद. शेवटची दोन मिनिटं मात्र मी एका मागणीसाठी राखून ठेवली आहेत, हे आधीच सांगून टाकते.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. संगणकाच्या पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी २५६ पातळ्या एकत्र केल्या की १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग होतात. आकडा दिला की रंग हजर! घरी मात्र मी जेमतेम नऊ-दहा रंगांत चित्रं काढते आणि त्यातला एकही सांगितल्याबरोबर येत नाही. पळस हवा तर फाल्गुनाची वाट बघायची.

या रंगांची दोन घराणी आहेत. पहिलं माती आणि काजळीचं. गेरूचा खडा सहाणेवर उगाळायचा, पाण्यात ढवळायचा. जाड कण खाली बसले की वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. त्याच्या तळाशी जो मऊ गाळ बसतो, तो आपला रंग. रात्रभर भिजवलेल्या बाभळीच्या डिंकात तो खलला की कागदाला धरून राहतो. काळा रंग त्याहून सोपा. तेलाच्या दिव्यावर ताटली उपडी धरायची आणि जमलेली काजळी डिंकात घोटायची. अजिंठ्याच्या लेण्यांत तांबडी आणि पिवळी माती, हिरवी माती, काजळी हेच मुख्य रंग आहेत. तिथली बरीचशी चित्रं पाचव्या शतकातली. गेरूचा लाल म्हणजे लोखंडाचा गंज. जे आधीच गंजलंय, त्याचं ऊन आणखी काय बिघडवणार?

दुसरं घराणं फुलापानांचं, आणि ते भारी लहरी. जास्वंदीची लाल पाकळी कागदावर घासा, डाग उमटतो जांभळट. त्यावर लिंबू पिळलं की गुलाबी, खाण्याचा सोडा लावला की हिरवट. निळ्या गोकर्णाच्या पाण्यात लिंबू पडलं की ते जांभळं होतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे तर आपल्या आज्यांना ठाऊकच होतं. कुंकू तसंच करत. पण हे रंग उडतात. मी एका कागदावर गेरू, काजळी, हळद आणि जास्वंदीचे पट्टे ओढले, अर्धा कागद काळ्या पुठ्ठ्याने झाकला आणि खिडकीत ठेवला. पंधरा दिवसांनी पुठ्ठा काढला, तर उघड्या भागातली हळद फिकी पडली होती, जास्वंद जवळजवळ गेली होती. गेरू आणि काजळी जशीच्या तशी.

एक सावधगिरीही सांगते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं नाही. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. आमच्या धंद्यातलं ते ‘डिलीट’ बटण. पण हरताळ म्हणजे आर्सेनिकचं खनिज, विषारी. हिंगुळात पारा असतो. मुलांच्या हाती हे दोन्ही देऊ नयेत.

मग उडणारे रंग वापरायचे कशाला? वारली घरांत लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या. तो कायम टिकावा, अशी अपेक्षा नव्हती. घरात पुढचं लग्न निघालं की नवा चौक लिहायचा. मलाही दरवर्षी पळस नव्याने काढावा लागतो. त्यासाठी तो कुठे फुललाय हे शोधावं लागतं, खाली पडलेली फुलं वेचावी लागतात. आपल्या चित्रकलेच्या बाई समोर बसल्या आहेत. त्या म्हणायच्या, ‘आधी पान नीट बघा, मग पेन्सिल उचला.’ बाई, या रंगांनी मला बघायला भागच पाडलं.

आता मागणी. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेच्या मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवावेत, असा प्रस्ताव पुढे आहे. त्यामागचं कारण खरं आहे. पावसाळ्यात तिथे चिखल होतो, मुलं घसरतात. मी त्याला विरोध करत नाही. माझं म्हणणं एवढंच, की कुंपणाच्या भिंतीलगतचा सहा फुटांचा पट्टा मोकळा सोडा. तिथे जास्वंद, झेंडू, हळद लावू, भिंतीवर गोकर्ण चढवू. कोपऱ्यात एक पळस लावू. तो सावकाश वाढतो, फुलेल तेव्हा आपल्यातले निम्मे निवृत्त झाले असतील. एकदा सगळीकडे ब्लॉक बसले, की पुन्हा उखडून कोणी झाड लावत नाही, हे आपण आपापल्या सोसायट्यांत बघतोच आहोत.

रोपांचा खर्च मी करते. वर्षातून दोन शनिवार येऊन मुलांना रंग करायला शिकवते, त्यासाठी लागणारा डिंक आणि गेरूही माझा. पाण्याची जबाबदारी घेणारं, याच गावात राहणारं कोणीतरी हवंय. दोन नावं मिळाली तरी पुरे.

प्रस्तावावर आज जेवणानंतर निर्णय होणार आहे. तेव्हा हात वर करताना त्या सहा फुटांचा विचार करा, एवढीच विनंती.