‘विल’नंतरचे छोटे शब्द

3 जून 2020 ही तारीख आमच्या बोर्ली पंचतनमध्ये कुणाला समजावून सांगावी लागत नाही. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी आमच्या श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर चढलं. दिवेआगर, बोर्ली, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा सगळा पट्टा त्यानं झोडपून काढला. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौलं-पत्रे उडाले, विजेचे खांब मोडून पडले. त्याबद्दल पुष्कळ बोलून झालं आहे. मला आज बोलायचं आहे ते आदल्या दिवशीच्या इशाऱ्याबद्दल, आणि त्या निमित्तानं इंग्रजी भविष्यकाळाबद्दल.

भारतीय हवामान खात्याच्या इंग्रजी इशाऱ्याचा आशय असा होता : वादळ 3 तारखेच्या दुपारी, हरिहरेश्वर आणि दमणच्या दरम्यान, अलिबागच्या जवळ किनारा ओलांडेल. मराठीत सांगताना ‘ओलांडेल’ आपोआप शेवटी गेलं, कारण आपलं क्रियापद शेवटीच बसतं. इंग्रजीत मात्र ‘क्रॉस’ आधी येतं आणि मग ‘बिट्वीन’, ‘क्लोज टू’, ‘ड्युरिंग’ असे शब्द आपापल्या नामाला घेऊन एकामागून एक येतात. वादळ किनारा ओलांडणार, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. कुठे, किती जवळ आणि कधी, हे सगळं त्या मागून येणाऱ्या छोट्या शब्दांवर.

त्यांचं वजन किती असतं पाहा. हरिहरेश्वर ते दमण हा पट्टा सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरहून लांब. आमचं बोर्ली त्याच्या अगदी दक्षिण टोकाला. मग आलं ‘क्लोज टू अलिबाग’. अलिबागहून बोर्ली सरळ रेषेत 50 किलोमीटरहून दूर, आणि रस्त्यानं तर रोह्या-म्हसळ्याकडून वळसा घालून यावं लागतं. एवढ्या मोठ्या वादळाच्या हिशेबात हे अंतर जवळचंच. इशारा चुकीचा नव्हता. दिवस तोच निघाला, दुपार तीच निघाली, किनाराही सांगितलेल्या टापूतलाच निघाला. पण आपल्याकडे ‘अलिबागजवळ’ म्हटलं की डोळ्यांपुढे थळ, किहीम, फार तर नागाव-चौल येतं. दिवेआगर येत नाही. ‘क्लोज टू’ या दोन शब्दांत शास्त्रज्ञाचं जवळ वेगळं आणि वाडीत पोफळी सांभाळणाऱ्याचं जवळ वेगळं.

आणखी एक. हवामानाच्या अशा इशाऱ्यांत बहुतेक वेळा ‘विल’ नसतंच. ‘लाइकली टू’ असतं, आणि त्याला पायऱ्या असतात. हवामान खात्याच्या परिभाषेत नुसतं ‘लाइकली’ म्हणजे 25 ते 50 टक्के संभव, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे 50 ते 75 आणि ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे त्याहून वर. मराठीत येताना या तिन्ही पायऱ्या पुष्कळदा एका ‘शक्यता आहे’मध्ये सपाट होतात. ‘दाट शक्यता’ हा चांगला शब्द आपल्याकडे आहे. तो नेमका, ठरवून वापरायला हवा.

आता शाळेकडे येऊ. इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचं स्वतःचं रूप नाही. आपल्याकडे ‘जा’चं ‘जाईन, जाशील, जाईल’ होतं; इंग्रजीत ‘गो’ तसाच राहतो आणि त्याच्यापुढे ‘विल’ किंवा ‘शॅल’ उभा करावा लागतो. ‘आय’ला ‘शॅल’ आणि बाकीच्यांना ‘विल’, हा नियम जॉन वॉलिस या इंग्रज पंडितानं 1653 साली आपल्या लॅटिनमधल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. पुढे तो पिढ्यान् पिढ्या पाठ करून घेतला गेला. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर जी माणसं इंग्रजी शिकली, त्यांनी ‘शॅल’-‘विल’वर किती घाम गाळला ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आज इंग्लंडातही बोलताना तो भेद फारसा कुणी पाळत नाही. माझं ठाम मत आहे की तो सगळा वेळ ‘विल’नंतरच्या शब्दांवर खर्च व्हायला हवा होता, आणि अजूनही व्हायला हवा.

एक उदाहरण घेऊ. आमच्या भागातली पुष्कळ माणसं मुंबईला आणि आखातात नोकरीला आहेत. समजा, त्यातला एकजण घरी इंग्रजीत निरोप धाडतो : ‘आय विल बी इन बोर्ली बाय फ्रायडे.’ दुसरा लिहितो : ‘आय विल बी इन बोर्ली टिल फ्रायडे.’ ‘विल बी’ तेच, गाव तेच, वार तोच. पण पहिला शुक्रवारी उशिरात उशिरा पोचलेला असेल आणि पुढे राहील. दुसरा शुक्रवारच्या आधीच गावात असेल आणि शुक्रवारनंतर तो सापडायचा नाही. एका ‘बाय’नं आणि एका ‘टिल’नं माणूस इकडचा तिकडे झाला.

मराठीत दोन्हीकडे ‘शुक्रवारपर्यंत’. मग आपलं अडत कसं नाही? कारण आपण तो फरक क्रियापदात करतो. शुक्रवारपर्यंत पोचेन, शुक्रवारपर्यंत राहीन. पोचणं एका क्षणात घडून जातं, राहणं चालू असतं. ऐकणाऱ्याला ‘पर्यंत’चा अर्थ त्यावरून बरोबर लागतो. ज्या कामाचा भार आपण क्रियापदावर टाकतो, त्याचा भार इंग्रजी शब्दयोगी अव्ययावर टाकते. म्हणून आपली मुलं रजेच्या अर्जात ‘आय विल रिटर्न टिल मंडे’ लिहितात. त्यांना इंग्रजी येत नाही असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. ती मराठीचा नियम इमानानं पाळत असतात. त्यांना एवढंच सांगावं : काम एकदाच घडणार असेल आणि ती शेवटची मुदत असेल तर ‘बाय’; काम तोवर चालू राहणार असेल तर ‘टिल’.

‘पासून’चंही असंच. ‘कालपासून ताप आहे’ आणि ‘उद्यापासून कामावर येईन’, आपल्याला एकच ‘पासून’ पुरतो. इंग्रजीत ‘सिन्स’ मागे पाहतो, तो ‘विल’शेजारी असा बसत नाही. ‘आय विल वर्क सिन्स मंडे’ हे वाक्य तिथेच मोडतं. पुढचं सांगायचं तर ‘फ्रॉम मंडे’.

पण प्रत्येक वेळी आपणच उणे असतो असं समजू नका. दिघीच्या जेटीवर उभे राहा. आगरदांड्याला जाणारी फेरीबोट, आपण जिला जंगल जेटी म्हणतो, ती लागलेली आहे. तुम्ही विचारता, कधी सुटणार? उत्तर येतं, ‘दहा मिनिटांनी सुटेल.’ म्हणजे चहा घ्यायला हरकत नाही. तेच उत्तर ‘दहा मिनिटांत सुटेल’ असं आलं तर गाडी लगेच चढवा. ती पाच मिनिटांतही सुटू शकते. ‘नी’ आणि ‘त’ या दोन प्रत्ययांनी केवढा फरक केला! इंग्रजीत दोन्हीला सर्रास ‘इन टेन मिनिट्स’ म्हणतात. दहाच्या आत असं ठासून सांगायचं झालं तर ‘विदिन’ मुद्दाम आणावा लागतो. हा भेद आमच्या मुलाला कुणी न शिकवता येतो. इंग्रजीच्या तासाला त्याची ही जाण वापरून घ्यायला हवी. ‘इन’ दिसला की त्यालाच विचारावं : इथे ‘नी’ की ‘त’?

दुसरी अशीच जागा सांगतो. इंग्रजीत समजा वाक्य आलं, ‘द ऑफिसर विल स्पीक अबाउट द स्टॉर्म इन श्रीवर्धन.’ साहेब श्रीवर्धनमध्ये येऊन बोलणार, की श्रीवर्धनमधल्या वादळाविषयी मुंबईत बसून बोलणार? वाक्य सांगत नाही. ‘इन श्रीवर्धन’ हे ‘स्पीक’लाही चिकटतं आणि ‘स्टॉर्म’लाही. मराठीला मात्र आधी ठरवावं लागतं. क्रियापदाचा शब्द असेल तर ‘श्रीवर्धनमध्ये’, नामाचा असेल तर ‘श्रीवर्धनमधल्या’. भाषांतर करणाऱ्यानं इथे अंदाजानं पुढे जाऊ नये, मूळ बातमी देणाऱ्याला विचारावं. सभेची जागा चुकली तर माणसं उगाच एसटीचं तिकीट काढून येतात.

आकाशवाणीवर बातमी वाचणाऱ्यांना आणि लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. इंग्रजी वाक्यातले सगळे ‘बिट्वीन’, ‘क्लोज टू’, ‘ड्युरिंग’ उचलून एकाच मराठी वाक्यात क्रियापदाच्या आधी रचू नका. छापील मजकूर मागे जाऊन पुन्हा वाचता येतो, रेडिओवरचं वाक्य तसं ऐकता येत नाही. वाक्य तोडा. ‘उद्या दुपारी वादळ किनाऱ्यावर येईल. हरिहरेश्वरपासून दमणपर्यंत कुठेही ते येऊ शकतं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग या तालुक्यांनी सावध राहावं.’ गावांची, तालुक्यांची नावं घ्या. ‘जवळ’वर सोडू नका.

आणि तारीख सांगताना टोकं पक्की करा. यांत्रिक बोटींना पावसाळी मासेमारीबंदी आपल्याकडे साधारणपणे 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत असते, दोन्ही दिवस धरून. तसं असेल तर 31 ला अशी बोट समुद्रात नेता येत नाही. पण नुसतं ‘31 जुलैपर्यंत’ ऐकलं की बंदरावर हमखास कुणीतरी विचारतो, ‘एकतीस धरून की सोडून?’ इंग्रजी ‘टिल’बद्दल हाच प्रश्न इंग्रजांनाही पडतो, म्हणून त्यांच्या आदेशांत पुष्कळदा ‘इन्क्लुझिव्ह’ लिहिलेलं असतं. आपल्याकडे ‘धरून’ आहे, बंदरावर रोज बोलला जाणारा. बातमीत तो एक शब्द वाढवायला एक सेकंदही लागत नाही.