काविळीची लस घ्या, पण सुई पाहून घ्या

(चितेगाव येथील वस्ती-बैठकीत आरोग्य गटाच्या कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलल्याप्रमाणे उतरवून घेतले आहे.)



आज गायरानाच्या अर्जांचं बोलायचं आहे. ते बोलूच. पण आधी त्या जीपचं बोलते. मागच्या आठवड्यात दोघं जण वस्तीवर आले. "काविळीची लस, शंभर रुपये!" ना कार्ड, ना नोंदवही. आपल्या मावशीनं विचारलं, प्रत्येकाला नवी सुई हाय का? तर म्हणाले, "गरम पाण्यात धुतो की!" आम्ही त्यांना परत पाठवलं. काही जण आमच्यावर चिडले, दारात आलेली लस घालवली म्हणून. त्यांच्यासाठीच हे बोलणं.

कावीळ एकच नसते. ए आणि ई ही घाण पाण्यातून होते. त्यात बहुतेक माणसं आरामानं आपोआप बरी होतात. आपण गळ्यात माळ घालतो, कावीळ उतरते, आणि नाव माळेचं होतं. (पण गरोदर बाईला ई कावीळ जिवावर बेतू शकते. तिला लगेच दवाखान्यात न्या.)

बी कावीळ रक्तातून येते. वापरलेली सुई, दुसऱ्याचं वस्तऱ्याचं पान, जत्रेत एकाच सुईनं काढलेलं गोंदण, शरीरसंबंध, आणि बाळंतपणात आईकडून लेकराला. बाहेर सांडलेल्या रक्तात हा विषाणू सात दिवस जिवंत राहू शकतो. मोठ्या माणसाच्या अंगातून तो बहुतेक वेळा निघून जातो. पण जन्मताना लागण झालेल्या शंभर लेकरांपैकी नव्वदांच्या अंगात तो कायमचा राहतो. पुढं लिव्हर सुकतं, कॅन्सरही होतो.

२००९ साली गुजरातेत मोडासा भागात काय झालं? वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या, बी कावीळ पसरली आणि चाळीसहून जास्त माणसं मेली. ती माणसं बरं व्हायलाच दवाखान्यात गेली होती. म्हणून म्हणते, लस चांगलीच आहे, धोका घाणेरड्या सुईचा आहे.

मग पाहायचं काय? सिरिंजचं पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडलं पाहिजे. सरकारी लसीकरणातली सिरिंज एकदा दाबली की तिचा दट्ट्या अडकतो, पुन्हा भरताच येत नाही. बाटलीवर एक गोल असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस घ्या. रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर नको म्हणा. ही लस थंड लागते, पण गोठली तर वाया जाते. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा. वापरलेली सुई तिथंच तोडून डब्यात जाते का, तेही बघा. नर्सबाईला विचारायला लाजू नका. चांगली बाई रागावत नाही, दाखवते.

लेकरांना ही लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे. पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत, म्हणून बाळंतपण दवाखान्यात करा. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी. आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर ऊसतोडीला जातो, उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही. बरोबर आहे. पण कार्ड सोबत न्या. कारखान्याच्या गावातही डोस मिळतो. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेले डोस पुढं घ्यायचे.

मोठ्यांना तीन डोस लागतात: आज, एका महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात. घरात कुणाला बी कावीळ असेल तर बाकीच्यांनी आधी रक्त तपासून घ्या. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे. घाटीत जाऊन विचारा. ज्याला लागण झाली त्याला ही लस बरं करत नाही, त्याला औषधच लागतं.

आणि अशा माणसाला वाळीत टाकू नका. एका ताटात जेवल्यानं, हात धरल्यानं ही कावीळ होत नाही. नवजात लेकराला लस मिळाली की आईनं दूधही पाजावं.

गायरानावर अतिक्रमण केलं म्हणून झालेल्या दंडाची पावती आपण पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षं जपतो. कारण तीच उद्या आपला पुरावा असते. लसीचं कार्डही त्याच पेटीत ठेवा. जमीन लेकरांसाठी मागतोय ना? मग ती कसायला लेकरं धडधाकट राहिली पाहिजेत.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं कार्ड घेऊन यायचं. ज्यांचं नाही, त्यांची यादी करून आपण सगळ्या मिळून दवाखान्यात जाऊ. जिंदाबाद!