मुलाची पहिली शाळा आणि आईचे मन



पहिलीच्या वर्गात काही मुले भरभरून बोलतात, तर काहींच्या तोंडून शब्द फुटत नाही. "मूल बुजरे आहे," असे आपण म्हणतो. परंतु भाषेचे शिक्षण शाळेत सुरू होत नाही; ते पाळण्यात सुरू होते.

तान्हे बाळ हुंकारते. आई हसून विचारते, "क्या हुआ रे राजा, भूक लगी?" बाळ पुन्हा हुंकारते. हाच त्याचा पहिला संवाद होय. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. त्यांनी आयांना थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवून गप्प राहण्यास सांगितले. बाळांनी आईला पुन्हा हसते करण्याची धडपड केली आणि अखेर तोंड फिरवले.

मग आईचेच मन खचलेले असेल तर? बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर तो आजार समजावा. भारतातील ३८ अभ्यासांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २२ टक्के मातांमध्ये हे नैराश्य आढळले. अशा आईची माया आटलेली नसते. तिच्यात बोलण्याचे त्राण उरलेले नसते.

रांजणगाव औद्योगिक वसाहतीमुळे आपल्या कारेगावात दूरदूरची कुटुंबे आली. नवरा शिफ्टला, माहेर लांब आणि भाड्याच्या खोलीत आई व बाळ दोघेच. सवा महिना जिला नानी-दादीचा आधार मिळायचा, ती आज एकटी पडते. तिला आळशी म्हणू नका. "नजर लागली" म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांना दाखवा. २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

वडिलांनो, कामावरून आल्यावर बाळाला घ्या, आईला तासभर झोपू द्या. बाळाशी घरच्या बोलीतच बोला. दखनी बोलल्याने मराठी बिघडेल ही भीती बाळगू नका. एका भाषेत मन मोकळे झालेले मूल दुसरीही शिकते. मोबाईल हातात दिल्याने मूल शांत होते, पण त्याच्या हुंकाराला मोबाईल उत्तर देत नाही.

दोन वर्षांचे मूल "अम्मी, पानी" असे दोन शब्द जोडत नसेल, तर "आपोआप बोलेल" म्हणून थांबू नका. प्रथम कान तपासून घ्या. अंगणवाडीत आरोग्य पथक येते, त्यालाही दाखवा. मूल उशिरा बोलण्याची कारणे अनेक असतात. दोष आईच्या माथी मारू नये.

विद्यार्थी मित्रहो, घरात धाकटे भावंड असेल तर रोज त्याच्याशी गप्पा मारा, आणि अम्मीच्या हातचे एक काम आपल्याकडे घ्या. आपण शाळेसाठी वर्गणी देतो, ते योग्यच आहे. पण ज्या घरात आईची विचारपूस होते, त्या घरातले मूल शाळेत येण्यापूर्वीच निम्मे शिकलेले असते.