उडता सरडा व आपला सरडा
(केंद्र संमेलनातील भाषण)



प्राणिजीवनाच्या पाठाविषयी मी चार शब्द सांगावेत अशी आज्ञा झाली आहे. आरंभी माझ्याच चुकीची हकीकत सांगतो. मी शिक्षक असताना याच जिल्ह्यातील एका शाळेत ‘उडता सरडा’ हा पाठ मोठ्या रंगात घेतला. त्याचे पंख फासळ्यांच्या आधाराने कुशीत मिटलेले असतात, हे वाक्य मी दोनदा उच्चारले. मधल्या सुटीत तीन मुलांनी अंगणातील कडुनिंबावरचा सरडा दगडांनी पाडला व काडीने त्याची कूस उसकटून पाहिली. “गुरुजी, याला पंख नाहीत!” असे सांगत ती माझ्याकडे आली. मला त्यांच्यावर रागावता येईना. तो प्राणी कोठे राहतो, हेच मी सांगितले नव्हते.

तो आपल्याकडे नाही. गोव्यापासून दक्षिणेकडे सह्याद्रीच्या रानांत व पोफळीच्या बागांत तो राहतो. शेपटीसह जेमतेम वीतभर असतो, रंगाने झाडाच्या सालीसारखा. मुख्यतः मुंग्या खातो. त्याच्या काही फासळ्या दोन्ही बाजूंस लांब वाढलेल्या असून त्यांवर कातडीचा पातळ पडदा असतो. छत्रीच्या काड्यांप्रमाणे त्या पसरतात व मिटतात. ‘उडतो’ हा शब्द मात्र जपून वापरावा. पाखरासारखे पंख मारून तो वर जात नाही. उंच खोडावरून झेप घेऊन तो तरंगत दुसऱ्या खोडावर, पण खालच्या अंगास, उतरतो. मग पायांनीच वर चढतो. डेहलिंग या जर्मन संशोधकाने कर्नाटकातील आगुंबे परिसरात या झेपांची छायाचित्रे घेतली व २०१७ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: हवेत असताना हा सरडा पुढच्या पायांनी पडद्याची कड धरून ठेवतो. फळ्यावर चित्र काढताना पुढचे पाय मोकळे सोडू नयेत. मी ते वर्षानुवर्षे तसेच काढीत आलो.

आपल्या कुंपणावरचा सरडा त्याच कुळातील आहे. उडत्या सरड्याचा नर गळ्याखालची पिवळी झालर उघडमीट करतो. आपल्या नराचा गळा विणीच्या काळात लाल होतो आणि तो अंग वरखाली करीत प्रतिस्पर्ध्याला दटावतो. हा रक्त शोषतो, अशी समजूत मुलांत आहे व तीपायी पुष्कळ सरडे मरतात. तो किडे खाणारा, निर्विष प्राणी आहे, हे स्पष्ट सांगावे.

झाडावरच जन्म काढणारी उडत्या सरड्याची मादी अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते. आपली मादीही ओलसर मातीत खळगा करून अंडी घालते व वर माती लोटते. पावसाळ्यात शाळेच्या आवारात हे दृश्य दिसल्यास वर्ग बाहेर न्यावा, मुलांना दहा पावलांवर बसवावे आणि दिसेल ते वहीत लिहू द्यावे. दगड व काड्या मात्र आधी गोळा करून घ्याव्यात.